मीठफुटीचं पाणी

कुंडलच्या डोंगरावर झरी पार्श्वनाथाकडे जाणाऱ्या वाटेने थोडं वर चढावं आणि मागे वळून बघावं. पायथ्याला गाव, पलीकडे किर्लोस्करवाडी, पलूस, आणि नजर पोचेल तिथवर ऊस. १९४३ ते १९४६ या काळात, ब्रिटिश सत्तेला न जुमानणाऱ्या प्रतिसरकारचा कारभार या गावांतून चालला. त्याच्या तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड कुंडलचेच. गावच्या सहकारी साखर कारखान्याला आज त्यांचं नाव आहे. ज्या माणसांनी जमिनीसाठी आणि पाण्यासाठी आयुष्यभर भांडणं केली, त्यांच्या मुलुखात पाणी आलं आणि भरपूर आलं. कृष्णेवरून ताकारी उपसा सिंचन योजनेने ते उंचावरच्या रानांपर्यंतही चढवलं.

वरून हा हिरवा पट्टा एकसारखा दिसतो. खाली उतरून कृष्णाकाठाकडे गेलं, पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या काळ्या खोल जमिनींच्या बांधावरून चाललं, की चित्र बदलतं. रानाच्या उताराच्या टोकाला, जिथे पाणी साचतं, तिथे ऊस गुडघ्याएवढाच राहिलेला असतो. त्याच्या पुढे पीकच नसतं. मातीवर पिठी भुरभुरवावी तसा पांढरा थर. बोटाने उचलून जिभेला लावला तर खारट, कधी कडवट. शेतकरी याला मीठफुटी म्हणतात. जमीन आधी चिबड होते, मग मीठ फुटतं. माती ओली असेपर्यंत पायाला चिकटते, वाळली की भेगाळते, वाफसा म्हणून येत नाही.

हे मीठ कुठून आलं? नदीचं पाणी तर गोड आहे. पण गोड पाण्यातही थोडे क्षार विरघळलेले असतातच. हिशोबासाठी लिटरमागे पाव ग्रॅम धरू. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाकाठी सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकराला ८० लाख लिटरच्या आसपास. गुणाकार केला की एकरी दोन टन क्षार वर्षाला रानात येतात. पाणी पानांतून आणि मातीतून हवेत उडून जातं, क्षार जात नाहीत. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते धुऊन खाली उतरतात. काळ्या चिकण मातीत निचरा मुळातच सावकाश, त्यात बारमाही ऊस आणि मोकाट पाणी. भूजल वर येतं, मातीच्या बारीक नळ्यांतून पृष्ठभागावर चढतं, उडतं आणि मीठ मागे ठेवतं. ऊस या बाबतीत नाजूक पीक आहे. मातीतल्या पाण्याची विद्युत वाहकता मीटरला १.७ डेसिसीमेन्सच्या वर गेली की त्याचं उत्पादन घटू लागतं. ४ च्या वर गेली की शास्त्राच्या भाषेत ती जमीन क्षारयुक्त ठरते.

यावरचा उपाय सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांना आता ठाऊक आहे: सच्छिद्र पाइपांची भूमिगत निचरा प्रणाली. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज इथल्या संशोधन केंद्राने या जमिनींवर काम केलं आहे. जमिनीखाली मीटर-सव्वा मीटर खोलीवर भोकं असलेले पाइप गाळणीच्या कापडात गुंडाळून टाकायचे, ते एका मोठ्या पाइपाला जोडायचे आणि पाणी चरात किंवा ओढ्यात सोडायचं. जमीन चोपण झाली असेल, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटला असेल, तर जिप्समही द्यावं लागतं. दोन-तीन हंगामांत ऊस परत उभा राहतो. हे काम खर्चाचं आहे, पण ज्यांनी केलं त्यांची रानं पुन्हा पिकू लागली.

माझा प्रश्न याच्या पुढचा आहे. पाइपाच्या तोंडातून जे पाणी बाहेर पडतं, त्याचं काय? रान वाचलं, पण ते पाणी ओढ्यातून कृष्णेत जातं आणि खालच्या गावाच्या जॅकवेलपाशी पोचतं. शेताचं सांडपाणीच ते, फक्त दिसायला नितळ. त्यात क्षार आहेत आणि खतही आहे. सुरू उसाची विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे. आडसालीला नत्र ४०० किलोंवर जातं. यातलं सगळं उसाच्या पोटात जात नाही. स्फुरद चिकणमातीला धरून बसतो, पण नायट्रेट पाण्याबरोबर सरळ खाली धावतं आणि पाइपातून बाहेर येतं. शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेला युरिया नदीला जाऊन मिळतो आणि तिथे जलपर्णी वाढवतो.

सांडपाणी शुद्ध करण्याची नेहमीची पद्धत म्हणजे जिवाणूंच्या हाती ते सोपवणं. मिठाच्या पाण्यात हे जिवाणू मार खातात. कारण आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी सुटतं. बाहेर मीठ जास्त, पेशीत कमी, म्हणून पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं. खारट सांडपाण्यात पडलेल्या साध्या जिवाणूची गत त्या फोडीसारखी होते. तो आक्रसतो, त्याचं काम मंदावतं, टाकीतला गाळ नीट बसत नाही. लोणचं वर्षभर टिकतं ते याच कारणाने, आणि खारट पाण्याचं शुद्धीकरण अवघड होतं तेही याच कारणाने.

सूक्ष्म शेवाळाने या ओढाताणीवर तोड काढली आहे. बाहेरचं मीठ जेवढं वाढेल, तेवढे ते स्वतःच्या पेशीत निरुपद्रवी पदार्थ तयार करून साठवतं, म्हणजे आतबाहेरचं पारडं समान राहतं आणि पाणी जिथल्या तिथे राहतं. क्लोरेला नावाची जात प्रोलीन आणि सुक्रोज साठवते. सुक्रोज म्हणजे आपली साखरच! मिठागरातली ड्युनालिएला तर ग्लिसरॉल बनवते. तिला कडक पेशीभित्तिका नसते, नुसती मऊ त्वचा. दोन शेपट्या हलवत ती समुद्रापेक्षा कितीतरी खाऱ्या पाण्यात पोहत राहते. मिशेल फेलिक्स ड्युनाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या मिठागरांच्या लाल पाण्यात तिला पाहिलं आणि पुढे तिला त्याचंच नाव मिळालं. मिठाचा आणि उन्हाचा ताण वाढला की ती बीटा-कॅरोटीन साठवून नारिंगी होते, गाजराला रंग देणारं तेच द्रव्य.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी खारंही आहे आणि सामू १० च्या आसपास, म्हणजे धुण्याच्या सोड्यासारखं. त्याच्या काठावरून पूर्वी पापडी, दल्ला अशा नावांचा खार काढला जायचा. अशा पाण्यात स्पिरुलिना सुखाने वाढते आणि सरोवराला तिचा हिरवा रंग देते. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर बातमी झाली; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि क्षारात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचं ते काम असल्याचं निघालं. उन्हाळ्याने पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि हिरव्यांची जागा गुलाबींनी घेतली. मिठाच्या प्रमाणानुसार पाण्यातले रहिवासी बदलतात, एवढं त्यातून लक्षात ठेवायचं.

शेतातल्या निचऱ्याचं पाणी लोणारइतकं खारं नसतं. वाहकता ५ डेसिसीमेन्स धरली तर लिटरमागे तीन-सव्वातीन ग्रॅम क्षार होतात. समुद्रात ३५ ग्रॅम असतात. म्हणजे समुद्राचा दहावा हिस्सा. पिकाला हे जड, पण इथल्याच ओढ्यातल्या क्लोरेला आणि सेनेडेस्मसला थोडी सवय लागली की पेलवणारं. ही शेवाळं विकत आणावी लागत नाहीत. निचऱ्याच्या चरात ऊन लागणाऱ्या जागी जो हिरवट रंग धरतो, तीच. त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर क्लोरेलाचे गोल हिरवे मणी दिसतात, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही लहान. मध्येच सेनेडेस्मस दिसते: चार लांबट पेशी एकमेकींना खांदा लावून ओळीत उभ्या आणि दोन टोकांच्या पेशींना शिंगांसारखे काटे. आपल्याकडच्या कुठल्याही साचलेल्या पाण्यात ही चौकडी सापडते.

ही मंडळी नेमकं करतात काय? ऊन, पाणी आणि कर्बवायू यांपासून आपलं अंग बनवतात आणि त्यासाठी नत्र, स्फुरद, थोडा पालाश पाण्यातून उचलतात. हे करताना प्राणवायू सोडतात. तो घेऊन जिवाणू पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवतात आणि शेवाळाला कर्बवायू परत देतात. कॅलिफोर्नियातल्या विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात ही देवाणघेवाण नीट मोजली आणि तिच्यावर उथळ, फिरत्या पाण्याचे तलाव उभे केले. शर्यतीच्या मैदानासारखा लांबट वळसा, फूटभर खोली, पाणी ढकलणारं एक चाक. खोली जास्त ठेवून उपयोग नाही, कारण वरच्या हिरव्या थराच्या खाली ऊनच पोचत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण उत्साहाच्या भरात ती हमखास विसरली जाते. शेवाळ मीठ खात नाही. ते मिठात जगतं, एवढंच. सोडियम आणि क्लोराइड त्याला जेमतेम लागतात. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम शेवाळ उगवलं तर त्याच्याबरोबर निघून जाणारं मीठ नगण्य असतं. उलट उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडालं असं धरा: फूटभर खोल तलावातलं दहा दिवसांत पाचव्या हिश्शाइतकं पाणी जातं आणि उरलेल्याचा खारटपणा सव्वापट होतो. मराठीत आपण नायट्रेटलाही क्षार म्हणतो आणि सोडियम क्लोराइडलाही. त्यामुळे ‘शेवाळाने क्षार काढले’ हे वाक्य अर्धं खरं आणि अर्धं फसवं ठरतं. माती-पाणी तपासणीचा कागद हातात घेताना एकूण क्षाराचा आकडा न बघता नायट्रेट, स्फुरद, सोडियम, क्लोराइड हे रकाने वेगवेगळे बघायला हवेत. शेवाळाच्या तलावाआधीचा आणि नंतरचा कागद शेजारी ठेवला, तर पहिले दोन आकडे खाली आलेले आणि शेवटचे दोन तिथेच किंवा किंचित वर, असंच दिसायला हवं. एखाद्या विक्रेत्याच्या कागदावर चारही खाली आलेले दिसले, तर त्याने मधे दुसरं गोडं पाणी मिसळलंय का, हे मी आधी विचारीन.

पाण्याबरोबर आलेलं आपोआप नाहीसं होत नाही, हा धडा कॅलिफोर्नियाच्या सॅन होकिन खोऱ्याने फार महागात घेतला. तिथलीही कहाणी कृष्णाकाठासारखीच: कालव्याचं पाणी, चिकण माती, वर आलेलं भूजल, जमिनीखालचे निचऱ्याचे पाइप. ते खारट पाणी एका मोठ्या चराने केस्टरसन इथल्या तळ्यांत नेऊन सोडलं. तळी पक्ष्यांच्या अभयारण्यात होती. १९८३ मध्ये तिथल्या अंड्यांत विकृत पिल्लं सापडली. मातीतलं सेलेनियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर येऊन तळ्यात साठत गेलं होतं. चर बंद करावा लागला. पुढे १९९० च्या दशकात ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच खोऱ्यात, पनोचे इथे, शेवाळ आणि जिवाणू यांची जोडी निचऱ्याच्या पाण्यावर लावून बघितली. उथळ तलावात शेवाळ वाढवायचं आणि ते खोल, हवाबंद तलावातल्या जिवाणूंना खाद्य म्हणून द्यायचं. जिवाणूंनी नायट्रेटचा नत्रवायू केला, सेलेनियम गाळात बसवलं. मीठ मात्र त्या प्रयोगातही पाण्यातच राहिलं.

आता हे कुंडलच्या एकरावर आणून बघू. पाइपातून रोज एक मिलिमीटर पाणी निघतं असं धरलं तर एकरामागे सुमारे ४,००० लिटर होतात. लिटरला ३० मिलिग्रॅम नायट्रेटचं नत्र धरू. उघड्या तलावात चौरस मीटरला दिवसाला १० ग्रॅम सुकं शेवाळ हा जपून धरलेला आकडा. एक गुंठा म्हणजे १०० चौरस मीटरहून थोडं जास्त, म्हणजे रोज किलोभर शेवाळ. त्यात सात टक्के नत्र धरलं तर ७० ग्रॅम, दीडशे ग्रॅम युरियाएवढं. एवढ्याने सुमारे २,३०० लिटर पाण्यातलं नत्र निघतं. थोडक्यात, चाळीस गुंठ्यांच्या पाण्याला दोन गुंठे तलाव. मला हा आकडा आशादायक वाटतो, कारण मीठफुटीने गेलेलं रानाचं टोक अनेकदा यापेक्षा मोठं असतं आणि तिथे आज काहीच येत नाही.

पण हिशोबात एक खोट आहे. शेवाळाला सात भाग नत्रामागे सुमारे एक भाग स्फुरद लागतो आणि निचऱ्याच्या पाण्यात तो जेमतेम असतो. नुसतं चरातलं पाणी तलावात घेतलं तर शेवाळ दोन दिवस वाढून अडेल. इथे गोठा उपयोगी येतो. भिलवडीसारख्या दुधाच्या पट्ट्यात घरोघरी जनावरं आहेत. गोठ्याच्या धुवणाच्या पाण्यात स्फुरद आणि सेंद्रिय द्रव्य दोन्ही असतं. ते गाळून, माफक प्रमाणात मिसळलं की जोडी जमते. गावाच्या गटाराचं पाणीही चालेल, पण मग त्या शेवाळाचा उपयोग खतापुरताच ठेवायचा. जनावरांच्या वा माणसांच्या तोंडी ते जाता कामा नये.

बेदाण्याच्या द्रावणाचं काय, असं तासगावकडचे लोक विचारतील. द्राक्षं सुकवण्याआधी लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर इथाइल ओलिएट, म्हणजे डिपिंग ऑइल, यांच्या पाण्यात बुडवतात. हंगामात शेडपाशी हे वापरलेलं पाणी ओतलं जातं. दोनशे लिटरच्या पिंपात पाच किलो पोटॅशियम कार्बोनेट असतं. तेही खारटच, पण त्यासाठी शेवाळाचा खटाटोप करू नये असं माझं मत आहे. तो पालाश आहे. भरपूर पाण्यात पातळ करून, चोपण नसलेल्या हलक्या रानात, मोजून दिला तर तो खत म्हणून जाईल. सगळ्या पाण्याला एकच औषध लावणं चुकीचं.

अवघड भाग आहे तो शेवाळ पाण्यातून काढण्याचा. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, आणि कणही इतके बारीक की कापडातून आरपार जातात. तुरटीने ते गोळा होऊन बसतं, पण खाऱ्या पाण्यात तुरटी आणि तत्सम द्रव्यं गोड्या पाण्याइतकी कामाला येत नाहीत. मोठे कारखाने यासाठी गरगर फिरणारी यंत्रं वापरतात. शेतकऱ्याच्या विजेच्या बिलाला ती परवडणार नाहीत. म्हणून मला दुसरी वाट जास्त पटते. उतरत्या पृष्ठभागावर जाळी अंथरायची, तिच्यावरून पाण्याचा पातळ थर लाटांसारखा सोडत राहायचा आणि जाळीला धरून वाढणारं तंतूंचं शेवाळ आठवड्याला खरडून काढायचं. अमेरिकेतल्या वॉल्टर अ‍ॅडी यांनी ही पद्धत रूढ केली. खरडलेला हिरवा गाळ बांधावर वाळवता येतो, शेणाबरोबर बायोगॅसच्या टाकीत किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात जातो. ऊस लागणीला त्याचंच खत सरीत पडलं, तर नत्राचा फेरा शेताच्या बांधाच्या आतच पुरा होतो. गाळाबरोबर थोडं खारं पाणी येतं, ते निथळू द्यायचं.

पावसाळ्यात ढगांमुळे ऊन कमी आणि पाणी भरमसाट. तेव्हा तलाव बाजूला ठेवावा लागतो. हिवाळ्यात वाढ मंदावते. पाणपिसवा झाल्या तर चार दिवसांत हिरवं पाणी स्वच्छ करून टाकतात, शेवाळ त्यांच्या पोटात. खारं पाणी इथे उलट मदत करतं, यातल्या बऱ्याच पिसवांना ते सोसत नाही.

आणि मीठ? त्याचा बंदोबस्त पाइपाच्या तोंडाशी होत नाही, पाटाच्या तोंडाशी होतो. एकरी दोन टन मीठ पाण्याबरोबर येतं, तर ठिबकने पाणी निम्म्यावर आणलं की मीठही निम्म्यावर येतं आणि चरातून निघणारं पाणीही कमी होतं. मग तलावही लहान पुरतो. शेवाळ थेट रानातच वाढवलं तर? बनारसच्या रा. ना. सिंग यांनी १९५० मध्ये उत्तर भारतातल्या उसर, म्हणजे क्षारपड, जमिनींवर पावसाळ्यात वाढणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाने माती सुधारते असं मांडलं होतं. ते शेवाळ हवेतलं नत्र मातीत आणतं, वरच्या थराची घडण सुधारतं. पण निचरा नसलेल्या चिबड रानात तेही खालचं मीठ हलवू शकत नाही.

हे सगळं घरी बघता येतं. कुंडल असो वा भिलवडी, निचऱ्याच्या चरातलं पाणी दोन काचेच्या बरण्यांत भरा. एका बरणीत गोठ्याच्या धुवणाचे चार चमचे घाला, दुसरीत काही नको. दोन्ही पूर्वेच्या खिडकीत ठेवा आणि रोज सकाळी काडीने ढवळा. पहिली बरणी आठवडा-दहा दिवसांत पोपटी होते, मग गर्द; दुपारी काचेला प्राणवायूचे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. दुसरी फिकटच राहते. पहिलीतलं पाणी दोन दिवस अंधारात ठेवा म्हणजे बरंचसं हिरवं तळाशी बसेल. वरचं नितळ पाणी अलगद स्टीलच्या ताटलीत ओता आणि ताटली गच्चीवर उन्हात ठेवा. संध्याकाळपर्यंत पाणी उडालेलं असेल. ताटलीच्या कडेने पांढरं कडं उमटलेलं दिसेल. बोट लावून चव बघू नका, गोठ्याचं पाणी होतं ते. पण ते कडं रानाच्या टोकाला फुटतं तेच मीठ आहे.